वायरीला पाय नसतात

"मी नाही हात लावला," म्हणे. ऐका आता. माझी टोपली कप्पीत तोंड खुपसून उलटी लटकलीय, तिच्यातले बटाटे तीन मजले खाली घड्याळवाल्याच्या दुकानाच्या पत्र्यावर धडाधड पडलेत, आणि गॅलरीत उभी असलेली तिन्ही माणसं एका सुरात काय म्हणतात, तर मी नाही हात लावला. लेक म्हणतो, "आई, मी तर आत्ताच आलोय." सून म्हणते, "अहो आई, मी कशाला लावेन?" आणि आमच्या वन्सं, म्हणजे माझी नणंद, माझ्याजवळच राहतात, त्या तर काही बोलल्याच नाहीत, कारण त्यांच्या तोंडात पाव होता, पण मान अशी जोरात हलवली की पावाचे कण माझ्या चष्म्यावर उडाले.

मी म्हटलं, "ठीक आहे. कुणीच हात लावला नाही. मग वायर काय चालत गेली?"

कारण तुम्हाला सांगते, बटणाला सहा पाय असतात. वायरीला एकही पाय नसतो.

थांबा, मुळापासून सांगते, नाहीतर तुम्हीही माझ्या लेकासारखं म्हणाल, "जाऊ दे ना आई." मला तो शब्दच सहन होत नाही. जाऊ दे म्हणणाऱ्यांच्या घरातले नळ आयुष्यभर गळतात. तर झालं असं की माझे गुडघे गेले. म्हणजे आहेत जागेवर, पण कामाचे नाहीत. आमचं घर तिसऱ्या मजल्यावर, आणि जिना असा की बांधणाऱ्याला पायऱ्या फुकट मिळाल्या असाव्यात. एक दिवस दूध आणि कांदे घेऊन वर येताना दुसऱ्या मजल्यावर जी बसले ती बसलेच. उठता येईना. येणारे-जाणारे माझ्याकडे बघून बाजूने जातात, मीही असा चेहरा केला की जणू हवा खायला बसलेय, पण शेवटी कुणीतरी चोंबड्याने लेकाला फोन केलाच.

झालं. लेक धावत आला, मला उचलून वर आणलं, आणि कमरेवर हात ठेवून म्हणाला, "आई, आता पुरे. आमच्याकडे चल. आमच्याकडे लिफ्ट आहे."

लिफ्ट आहे. मी काय कपाट आहे?

आणि सून मागून, आवाजात इतका गोडवा की मुंग्या लागाव्यात, "हो आई, याच तुम्ही. तुमचीच वाट बघतोय आम्ही." मी मनात म्हटलं, काहीतरी पाणी मुरतंय. लग्नाला इतकी वर्षं झाली, या मुलीने माझी वाट कधी बघितली नाही, आजच काय झालं?

मी विचारलं, "आणि वन्संचं काय?" लेक म्हणाला, "आत्या तिच्या पुतणीकडे जाईल ना." ही पुतणी म्हणजे जिच्या घरी पंखा लावायचा तरी आधी विचारावं लागतं. वन्सं तेव्हा चादरीची घडी करत होत्या. घडी झाली होती, तरी त्यांनी ती मोडली आणि परत केली. परत मोडली. या बाईने आणि मी या दोन खोल्यांत दोन नवरे गेल्यानंतरची सगळी वर्षं एकमेकींशी भांडून सोन्यासारखी काढली आहेत, आणि आता एकीने लिफ्टमध्ये जायचं आणि दुसरीने पंख्याची परवानगी मागायची? मी म्हटलं, "अरे, मला जिना चढायचा त्रास नाही, सामानाला आहे. सामान आपलं आपण वर आलं तर?" तो हसला. हसून म्हणाला, "बरं, रविवारपर्यंत मला सामान आपोआप वर आणून दाखव. दाखवलंस तर मी हा विषय परत काढणार नाही. नाहीतर बॅग भरायची." मी म्हटलं, "ठरलं."

हसला, हे लक्षात ठेवा. मी ठेवलंय.

आता मला कुणी काही शिकवलेलं नाही. मी इस्त्री उघडून इस्त्री शिकले, मिक्सर उघडून मिक्सर, आणि नवरा उघडता येत नव्हता म्हणून तो शेवटपर्यंत कळला नाही. माझा पेचकस माझ्या गळ्यात असतो, दोरीला बांधून. आतापर्यंत तो मी कुणाच्या हातात दिलेला नाही, नवऱ्याच्याही नाही. लोक मागतात, "जरा द्या हो, एक स्क्रू फिरवायचाय." मी म्हणते, स्क्रू इकडे आणा. पेचकस एकदा परक्या हातात गेला की त्याच्याने लोक डब्याची झाकणं उघडतात. माणसं ओळखते मी.

तर गॅरेजवाल्याकडून एक छोटी मोटर मिळवली, मोडीत निघालेल्या गाडीच्या दाराची, काच वर-खाली करायची असते ना, ती. तिचा गुण असा की थांबली की जागच्या जागी घट्ट, टोपली सुटून खाली येत नाही. जुनी बॅटरी, लाकडी रीळ, त्यावर दोरी, गॅलरीच्या बाहेर कप्पी, आणि खाली टोपली. मोटर लावली, टोपली वर आली. छान. आता खाली कशी जायची? तर ही मोटर साधी असते. तिच्या दोन वायरी जशा लावाल तशी फिरते, अदलाबदल केली की उलटी फिरते. पण टोपली खाली पाठवताना दर वेळी वायरी काढून घालत बसू? त्यासाठीच ते सहा पायांचं बटण.

दुकानात गेले. दुकानदार म्हणाला, "कुणासाठी हवंय, आजी? घरात कुणी असेल तर पाठवा ना त्यांना, उगाच चुकीचं न्याल." मी म्हटलं, "बाळा, तू डब्यातून काढ, पाय मी मोजते." त्याने चार पायांचं काढलं. हे बघा, म्हणूनच मी मोजते.

या बटणाचे सहा पाय दोन-दोनच्या तीन जोड्यांत असतात. मधल्या जोडीला मोटरच्या दोन वायरी. एका टोकाच्या जोडीला बॅटरीच्या दोन, लाल आणि काळी. आणि आता खरी गंमत. त्या टोकाच्या जोडीपासून पलीकडच्या टोकाच्या जोडीला दोन वायरी न्यायच्या, पण सरळ नाही, तिरप्या, एकमेकींना ओलांडून, फुली मारल्यासारख्या. म्हणजे बटण इकडे दाबलं की मोटरला लाल ती लाल आणि काळी ती काळी. तिकडे दाबलं की लालच्या जागी काळी, काळीच्या जागी लाल. बटण मधे ठेवलं की सगळं गप्प. फुलीतल्या वायरी एकमेकींना चिकटल्या तर ठिणगी उडते, हे मला कुणी सांगितलं नव्हतं, ते माझ्या भुवईने मला सांगितलं. मग त्यांच्यात चिकटपट्टी घातली. बुधवारी बटण वर केलं, टोपली वर. खाली केलं, खाली. वन्सं टाळ्या वाजवायला लागल्या. मी म्हटलं, "वन्सं, रविवारपर्यंत या बटणाला हात लावायचा नाही. तुम्हाला मोतीबिंदू आहे, तुम्हाला खालची जमीन दिसत नाही." त्या म्हणाल्या, "नाही हो वहिनी, माझं काय काम त्याच्याशी?"

गुरुवारी अंघोळ करून आले, बटण वर केलं... आणि टोपली खाली गेली.

तुम्ही काय समजला असता? बिघाड? बिघाड झाला की वस्तू बंद पडते. बिघाडाने कुठली वस्तू नेमकी उलटी वागते? हे माणसाचंच काम. बॅटरीच्या टोकांना वायरी धरून ठेवणारे दोन चिमटे मी अदलाबदल केले, झाली सरळ. शुक्रवारी अंघोळ करून आले, परत उलटी, परत चिमटे बदलले. वन्संना विचारलं. "अगंबाई, मी नाही हात लावला," आणि चहात पाव बुडवून खायला लागल्या. आता ताजा मऊ पाव सकाळी सकाळी तिसऱ्या मजल्यावर कसा आला, हे विचारायचं मला सुचलं का? नाही सुचलं. त्या म्हणाल्या, पाववाला वर आला होता. तो पाववाला ज्याने आजवर आमचा जिना बघितलेला नाही. पण माझं डोकं वायरीत अडकलेलं.

म्हणून मी सापळा लावला. सुनेने कधीतरी नेलपॉलिश भेट दिलं होतं, या वयात मला नेलपॉलिश, तेव्हाही मला संशयच आला होता, तर त्याचा एक ठिपका प्रत्येक वायरीवर आणि त्याच्याशी जुळणारा ठिपका ती जिथे लावली आहे तिथे. बॅटरीपाशी, बटणापाशी, मोटरपाशी, सगळीकडे. कुणी वायर हलवली तर ठिपका ठिपक्यासमोर येणार नाही. शिवाय वरून पावडर टाकली, बोटं उमटायला. शनिवारी अंघोळीहून आले. टोपली उलटी. ठिपके? सगळे जागच्या जागी.

कुणी दुसरी असती तर म्हणाली असती, म्हणजे कुणी हात लावला नसेल. मी नाही म्हणाले. मी म्हटलं, हे कुणीतरी पोचलेलं आहे. वायरी काढल्या, काम केलं, आणि ठिपके जुळवून परत लावल्या. पावडरसुद्धा परत टाकली. लेक? त्याचा तर सरळसरळ फायदा, मोटर फसली की आई लिफ्टमध्ये. पण त्याला बल्ब बदलता येत नाही. सून? गोड बोलतेय म्हणजे शंभर टक्के तीच. पण ती आलीच नव्हती. खालचा घड्याळवाला? टोपली त्याच्या दुकानासमोर उतरते, दिवसभर डोळ्याला भिंग लावून बसतो, भिंग लावणाऱ्या माणसाचा भरवसा नाही. पण तो तीन मजले वर येऊन परत खाली जाईल आणि मला धापा ऐकू येणार नाहीत? मी रात्रभर ऐकत पडले. कारण वायरीला काय पाय असतात?

चिमटे परत अदलाबदल केले, नवीन ठिपके लावले. आणि आला रविवार.

रविवारी मी अंघोळीला गेले, तुम्ही म्हणाल कशाला गेलीस, अहो, पण अंघोळ मी करणार की नाही? बाहेर आले तर लेक-सून हजर. लेक सोफ्यावर. सून गॅलरीतून आत येतेय, हात पुसत. म्हणे, "हवा छान आहे हो आई तुमच्याकडे." वन्सं स्वयंपाकघराच्या दारात, एकदा तिच्याकडे बघतात, एकदा गॅलरीकडे. मग चहा टाकायला मी आत गेले तर वन्सं बाहेर, आणि मी बाहेर आले तर वन्सं आत, तोंडात पाव. मला बघायचं तेवढं मी बघितलं. पण लेक म्हणाला, "चल आई, दाखव." आणि स्वतःच्या हाताने बटाट्यांची पिशवी टोपलीत ओतली. "आधी खाली सोड, मग वर आण."

मी बटण खाली केलं.

टोपली वर गेली. कप्पीला धडकली. उलटली. आणि बटाटे... ते सांगितलंच.

तर तिथे आलो आपण. तिघंही म्हणतात मी नाही हात लावला. मी बटण मधे आणलं, चष्मा पुसला, वाकले, आणि ठिपके बघितले. या वेळी चिमट्यांचे ठिपके चुकलेले. आणि मोटरपाशी बघते तर तिथलेही चुकलेले. दोन ठिकाणी! मी उठले, गुडघे कटकटले, म्हटलं, "दोन जागी वायरी बदलल्यात. तुमच्यापैकी कुणीही इथून हलायचं नाही."

लेक म्हणाला, "आई, कुणी बदलल्या नाहीत गं. तुझ्याकडून चुकलं असेल. जाऊ दे ना." बघा, आलाच तो शब्द.

तेवढ्यात खालून घड्याळवाला. तोंड वर करून, हातात बटाटा. "ओ मावशी, हे बटाटे तुमचे का?" मी म्हटलं, "माझेच, गोळा करून ठेवा, मोजून घेईन." तो म्हणाला, "आज काय झालं टोपलीला? रोज सकाळी तर झकास येते. पाववाल्याकडून घेऊन मी पाव ठेवतो, तरी ती थांबत नाही, दोरी सगळी संपते, मग तीच दोरी उलट्या बाजूने गुंडाळायला लागते आणि टोपली आपोआप वर. मला वाटलं, तुम्ही मुद्दाम तशी केलीय. डोकं आहे बुवा, म्हटलं."

रोज सकाळी. पाव.

मी वन्संकडे बघितलं. वन्संनी पावाकडे बघितलं.

म्हणजे बाईसाहेब मी अंघोळीला गेले की पावासाठी टोपली सोडत होत्या, आणि जमीन दिसत नाही म्हणून बटण दाबूनच धरत होत्या. दोरी पूर्ण उलगडली आणि मोटर फिरतच राहिली, की रिळावर ती दुसऱ्या बाजूने चढते. मग काय, जे वर ते खाली आणि जे खाली ते वर. वायरी बिचाऱ्या जागच्या हलल्या नव्हत्या. इतके दिवस मी वायरींवर पहारा दिला आणि दोरी माझ्या नाकासमोर कूस बदलत होती. हे मला तिथल्या तिथे कळलं, पण चेहऱ्यावर दिसू दिलं नाही. तुम्हाला म्हणून सांगतेय, आत जाऊन बोलू नका.

"पण चिमटे?" मी म्हटलं. "चिमटे तर आज हललेत."

"मीच बदलले हो, वहिनी," वन्सं म्हणाल्या. पाव खाली ठेवला होता, म्हणजे खरं बोलत होत्या. "रोज उलटी झाली की तुम्ही तेच करता, मी बघते ना दारातून. आज उलटी झाली तर म्हटलं गुपचूप सरळ करून ठेवावी. त्याच्यासमोर तुमची फजिती नको व्हायला. तुम्ही गेलात तर मी..." आणि पुढचं बोलल्या नाहीत, हाताशी आलेला रुमाल घेतला आणि त्याची घडी घालायला लागल्या.

मी मनात हिशोब केला. दोरीने उलटी, चिमट्यांनी परत सुलटी. म्हणजे टोपली बरोबर चालायला हवी होती. चालली नाही, म्हणजे आणखी एक उलट कुठेतरी आहे. मोटरपाशी. आणि मोटरचे स्क्रू हाताने सुटत नाहीत, त्याला पेचकस लागतो, आणि पेचकस माझ्या गळ्यात.

तेवढ्यात लेकाने सोक्षमोक्षच लावला. माझ्या खांद्यावर हात ठेवला, आणि मला सगळ्यात राग कशाचा आला सांगू? हात मायेचा होता. म्हणाला, "आई, तू खूप केलंस. पण बघितलंस ना, नाही भरवसा. उद्या टोपली कुणाच्या डोक्यात पडेल. ठरल्याप्रमाणे बॅग भर. आत्याचं मी बोलतो पुतणीशी."

वन्संच्या हातातली घडी थांबली. मी बॅग कुठे आहे ते आठवायला लागले. ठरलं होतं ना तसं. मीच तर हो म्हटलं होतं.

आणि सून एकदम म्हणाली, "अहो, पण चालत होती ती. मी स्वतः नीट केली होती!"

सगळे तिच्याकडे वळले. तिची पर्स उघडी होती आणि त्यातून नेलकटर डोकावत होतं. नेलकटरची ती चपटी कानस, माझ्या मोटरच्या स्क्रूत!

"तू?" लेक म्हणाला. "तू कधी केलीस?"

"आल्या आल्या. बटण दाबून बघितलं तर टोपली उलटी जात होती. परवा फोनवर आईच म्हणाल्या होत्या, वायरी बदलल्या की उलटी फिरते. मग बदलल्या मोटरच्या. नीट झाली होती. मला काय माहीत मागून आत्याबाई येऊन चिमटे बदलतील?"

"पण तुला काय पडलं होतं?"

"चालली नसती तर..."

"तर काय?"

"तर आई आपल्याकडे आल्या असत्या ना!"

खाली घड्याळवाला मोठ्याने बटाटे मोजत होता. लेकाचा चेहरा तर असा, जणू त्याच्याच घरातली लिफ्ट मधेच अडकली. "तूच तर म्हणत होतीस, या म्हणून. वाट बघतोय म्हणून."

"म्हणायचं असतं ते," सून म्हणाली, आणि कानापर्यंत लाल झाली. "येतात थोडंच कुणी?"

आता तुम्हीच सांगा, मी काय करायचं? ज्या बाईने माझ्यासाठी जीव टाकला तिने पावासाठी रोज घात केला. ज्या लेकाने मायेने खांद्यावर हात ठेवला तो मला लिफ्टमध्ये कोंबायला निघाला. घड्याळवाल्याला वाटलं, मुद्दाम केलंय. मी आजवर प्रत्येक माणसाकडे या डोळ्यांनी बघत आले आणि मनात म्हणत आले, याला काय हवंय, हिच्या पोटात काय आहे, आणि जिच्यावर सगळ्यात जास्त संशय घेतला, तिला नेमकं तेच हवं होतं जे मला हवं होतं. इतकी वर्षं सासू-सून असून आमचं एकाही गोष्टीवर एकमत झालेलं नाही, भाजीतल्या मिठावर नाही, आणि झालं ते यावर.

लेक म्हणाला, "आई, हिच्या बोलण्याकडे लक्ष नको देऊस, ही..." सून म्हणाली, "आई, मला तसं म्हणायचं नव्हतं..." वन्सं म्हणाल्या, "वहिनी, चूक माझीच..." तिघंही एकदम, परत एका सुरात.

मी गळ्यातली दोरी डोक्यावरून काढली. पेचकस तळहातावर घेतला, हलकासा गरम होता, अंगाचा. आणि म्हटलं, "सूनबाई, मी तुला नको आणि तुझं घर मला नको, म्हणजे या गॅलरीत डोळे मिटून विश्वास ठेवावा असं माणूस एकच निघालं; धर हा पेचकस, आणि माझ्या मोटरच्या वायरी होत्या तशा परत लाव."